सुरीला कुंकू

गोडदेवच्या उर्मिलाबाई बावीस वर्षं बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालतायत. सुरुवातीला त्यांच्या दहा बाळंतिणींत एखाद-दुसरी टाक्यांची, म्हणजे सिझर झालेली, असायची. आता निम्म्या असतात, आणि पहिली खेप नॉर्मल झालेल्याही त्यात सापडतात. ते काही उर्मिलाबाईंना पटायचं नाही. "पहिलटकरणीचं मी समजू शकते. पण एकदा वाट झाल्यावर दुसऱ्या वेळी कापायचं कशाला? डॉक्टरांनाच दम निघत नाही!" असं त्या घरोघरी सांगायच्या.

मग त्यांच्याच रुचिताला दुसऱ्यांदा दिवस गेले. थोरली इशिता चार तासांत झाली होती. "हे तर शिंकेसरशी येईल, बघाच," म्हणत उर्मिलाबाईंनी लेकीला नवव्या महिन्यात माहेरी आणलं.

एका सकाळी लेकीच्या पोटावर हलकं तेल लावताना त्यांचा हात बरगडीखाली थांबला. तिथे काहीतरी टणक, गोल लागलं. बाळाचं डोकं! जे खाली हवं, ते वर होतं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"काय झालं गं, आई?"

"काही नाही. ड्रेस बदल, दवाखान्यात जाऊन येऊ."

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. बाळ आडवंतिडवं नाही, सरळ उभंच होतं, आणि पोटात पाणीही कमी. "फिरायला जागा नाही त्याला. परवा सिझर करूया," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर रुचिता रडायलाच लागली. "मग मी इशिताला उचलून कशी घेऊ? आई, तूच फिरव ना बाळ. तुझ्या हाताला सगळं कळतं."

शेजारच्या हंसाबेन आल्याच होत्या विचारपूस करायला. "अरे उर्मिलाबेन, आपके हाथ में तो जादू है। घुमा दो ना! घर की बेटी को कटवाओगी क्या?"

उर्मिलाबाईंचे हात शिवशिवले. बावीस वर्षांचा शब्द पडणार होता. पण सासरची, राई गावातली ती खोली त्यांना आठवली. त्या नव्या सून होत्या, तेलाची वाटी धरून उभ्या होत्या, आणि एक जाणती म्हातारी असंच पोट चोळून मूल फिरवत होती. बाई वाचली. मूल नाही वाचलं.

"हंसाबेन, जादू-बिदू कुछ नहीं है, खाली तेल है," त्या म्हणाल्या आणि लेकीकडे वळल्या. "मी हात लावणार नाही, रुचिता. इशिताला मी उचलेन."

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा जावई पराग येरझाऱ्या घालत होता. उर्मिलाबाई बाकड्यावर डोळे मिटून देवीचं नाव घेत होत्या. दार उघडलं आणि आतून बाळाचा असा काही टाहो ऐकू आला, की पराग दाराकडेच धावला. मुलगा झाला होता.

पुढचे चार दिवस उर्मिलाबाई नर्सला विचारून विचारून शिकल्या. पोट बांधायचं नाही, टाक्यांना तेल लागू द्यायचं नाही, फक्त हात-पाय चोळायचे.

पाचव्या दिवशी सकाळी रुचिताला घरी सोडलं आणि संध्याकाळी पाचवी मांडली. पाटा-वरवंटा, कोरा कागद, पेन. ज्याने नाळ कापतात, तसली वस्तू पूजेत ठेवायची, ही त्यांच्या घरची रीत. इशिताच्या वेळी नवं ब्लेड ठेवलं होतं. या वेळी डॉक्टरांच्या सुरीच्या जागी म्हणून उर्मिलाबाईंनी भाजीची सुरी स्वच्छ घासली, पुसली, पाटावर ठेवली, आणि तिला हळद-कुंकू वाहून हात जोडले.

हंसाबेन हसल्या. "अब चाकू की भी पूजा? आप तो डॉक्टर को गाली देती थीं!"

"देती थी ना। अब नहीं दूँगी।"

चार वर्षांची इशिता आजीच्या कडेवरून वाकून बघत होती. "आजी, सुरीला कुंकू का लावलं?"

"तिने तुझा भाऊ काढून दिला आपल्याला."

इशिताने नैवेद्याच्या पेढ्यांकडे बोट दाखवलं. "मग तिला पेढा दे की!"

खाटेवरची रुचिता टाके धरून हसली. उर्मिलाबाईंनी पेढ्याचा कण मोडला, सुरीपुढे ठेवला, आणि उरलेला नातीच्या तोंडात घातला.