ग्रहणातली विळी

पंचाण्णव साली ऐन दिवाळीत सकाळच्या वेळी सूर्यग्रहण आलं. त्याच्या आधी थोडेच दिवस, वालचंदनगरला आमच्या क्वार्टरांच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपुढं उभं राहून मी बोलून बसलो, "माझी बायको ग्रहणात अंगणात बसून वांगी चिरणार. ज्याला बघायचंय त्यानं खुशाल यावं."

बायकोला पाचवा महिना होता.

काय गरज होती बोलायची? काडीची नव्हती. पण त्या काळात माझ्या तोंडाला लगामच नव्हता. कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी, आणि पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत द्यायचं हा जोडधंदा. बाहेरच्या कंपन्या याव्यात की नाही, केबलमुळं पोरं बिघडतात की नाही, देवळं आणि मशिदींवरून माणसं का मरतात, काहीही काढा, माझं मत तयार. महिन्यापूर्वीच गणपती दूध प्यायला होता. चांगले शिकलेसवरलेले साहेब लोक चमचे घेऊन रांगेत उभे! तेव्हा मी याच टपरीवर चमच्यातलं दूध कपाच्या कानाला लावलं, ते हळूच खाली ओघळलं, आणि मी ओरडलो, "बघा बघा, कपसुद्धा दूध पितोय!" काही हसले. काहींनी तोंड फिरवलं.

शेजारच्या क्वार्टरमधले भाऊजी त्या तोंड फिरवणाऱ्यांतले. माणूस वाईट नव्हे, पण तो कप त्यांनी मनात ठेवला होता. ग्रहणाचा विषय निघाल्यावर ते मला म्हणाले, "दुधाचं राहू द्या हो. वहिनींना दिवस गेलेत. ग्रहणात त्यांना विळीला हात लावू द्याल का?" गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं, तर पोटातल्या मुलाचा ओठ फाटतो, असं आमच्याकडं सगळेच मानायचे. सगळी टपरी माझ्याकडं बघायला लागली, आणि माझ्या तोंडून ते वांग्यांचं निघून गेलं.

घरी येईपर्यंत मी स्वतःलाच दहा शिव्या घातल्या. कारण त्याआधी आमचं एक गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी, असंच चौथ्या-पाचव्या महिन्यात. त्यानंतर बायको कितीतरी दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

मी घरात काहीच बोललो नाही. म्हटलं, विषय आपोआप विरून जाईल. पण शेजारच्या वहिनी, म्हणजे भाऊजींच्या मंडळी, भिंतीवरून डोकावून काकुळतीनं म्हणाल्या, "अगं, हे खरं का? नको गं असलं काही करूस. पाया पडते." बायकोनं मला विचारलं, "बोललासा का तुमी आसं?"

"बोलण्याच्या भरात बोललो. तू आपली आत पडून राहा. डॉक्टरांनी आराम सांगितलाय."

"आराम ग्रहणापुरताच सांगितलाय व्हय?" ती म्हणाली.

आई तेव्हा पळसदेवहून आमच्याकडं आलेली होती. माझी आई म्हणजे माझ्या भाषणांतलं हुकमी उदाहरण. धम्मदीक्षा घेतल्यावर तिनं घरातले देव फडक्यात बांधले आणि भीमेत नेऊन सोडले, हे मी शंभरदा तरी सांगितलं असेल, छाती फुगवून. मला वाटलं, ही आता सुनेला खुशाल चीर म्हणणार आणि मी अडकणार. म्हणून तिचा अंदाज घ्यायला मीच आधी विचारलं, "आई, देव सोडताना तू भ्याली नव्हतीस ना?"

"भ्याले न्हाय तर!" आई म्हणाली. "आरं, हातपाय लटलट कापत हुतं. घरी येऊन दार लावून बसले. तुझा थोरला भाऊ नुसता खोकला तरी काळजात धस्स व्हायचं, वाटायचं, झालं, आता ह्याला नेत्यात. आन् पुढं धरणाच्या पाण्यात गाव गेलं, तवा काय म्हनली लोकं ठावं हाय? म्हनली, हिनं देव बुडीवलं म्हनून गाव बुडालं."

इतकी वर्षं ही गोष्ट सांगत होतो, पण ते दार लावून बसणं मला माहीतच नव्हतं. आपण इतिहास सांगतो तेव्हा माणसं ताठ उभी असलेली दाखवतो. त्यांना किती घाम फुटला होता ते कुणी विचारत नाही, आणि मग आपल्याला घाम फुटला की वाटतं, आपल्यातच काहीतरी खोट आहे.

ग्रहणाच्या आदल्या दिवशीचा पेपर अजून डोळ्यांपुढं आहे. पहिल्या पानावर सूर्य, चंद्र, पृथ्वी यांची झकास आकृती, आणि आतल्या पानावर कुठल्या राशीनं कशाचं दान करावं त्याची माहिती. एरवी मी त्यावर तासभर बोललो असतो, की हा कसला विसाव्या शतकाचा शेवट, एका हातात दुर्बीण आणि दुसऱ्या हातात गंडा. त्या दिवशी नाही बोललो. मी स्वतःच त्या पेपरासारखा झालो होतो. वरच्या पानावर आकृती होती, आणि आत मी मनातल्या मनात कुणाकुणाला हात जोडत होतो कोण जाणे.

ग्रहणाच्या सकाळी सगळ्या क्वार्टरांची दारं-खिडक्या बंद. दिवाळी असून एक फटाका नाही. उन्हाचा रंग आजारी माणसासारखा पिवळट झाला, चिमण्या गप्प झाल्या, आणि कडुनिंबाच्या सावलीत जमिनीवर बारीक बारीक चंद्रकोरी पडल्या. का पडतात ते मला पाठ होतं. तरी अंगावर काटा आला.

बायको विळी आणि वांगी घेऊन अंगणात आली. पाट टाकून, पोट सांभाळत बसली.

"आण इकडं, मी चिरतो," मी म्हणालो. मी विळी ओढायला हात पुढं केला.

"तुमी चिरून काय उपेग? तुमाला हाय का पोट?"

"अगं, हट्ट सोड. गेलं माझं बोलणं खड्ड्यात. लोकं हसली तर हसू देत."

तिनं वर बघितलं. "लोकांसाठी न्हाय बसले मी. मागल्या खेपंला मी काय चिरलं हुतं? ग्रहण तरी हुतं का? कायबी केलं न्हवतं मी. तरी जी आली तिनं मलाच इचारलं, काय केलंस गं, काय खाल्लंस, कुठं गेलतीस. तुमीबी इचारलंसा."

विचारलं होतं. मला आठवलं, आणि मी खाली बसलो.

तिनं वांगं धरलं आणि चिरलं. त्या पात्याचा आवाज मी आयुष्यभर विसरणार नाही. प्रत्येक फोडीला माझे डोळे मिटत होते. शेजारची खिडकी बोटभर उघडली आणि पुन्हा लागली. वांगी संपली तशी ती उठली, फोडी पाण्यात टाकल्या आणि रोजच्यासारखी चुलीकडं गेली. ती भाजी आईनं दोनदा वाढून घेतली. मला एक घास गिळेना.

पुढचे चार महिने जीव टांगणीला लागलेला. टपरीवर जाणं मी बंद केलं. रस्त्यात कुणाचं लहान मूल दिसलं की नजर पहिली तोंडाकडं जायची. बारामतीला डॉक्टर म्हणायचे, सगळं व्यवस्थित आहे. पण ओठाचं विचारायला जीभ उचलेना. काय तोंडानं विचारणार? बायको मात्र शांत. कधी त्या सकाळचा विषय नाही, कधी चेहऱ्यावर काळजी नाही. मला तिचा हेवा वाटायचा, खरं सांगतो, रागसुद्धा यायचा.

बाळंतपण बारामतीलाच झालं. शेजारच्या वहिनी आपणहून सोबत आल्या होत्या. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ बाहेर आणलं, तसे मी आणि वहिनी एकदमच पुढं वाकलो आणि आमची डोकी आपटली. इवलासा, लालबुंद ओठ. अख्खा. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "सुटले गं बाई." त्यांनी त्या सकाळी आत बसून कुणाचा धावा केला होता, ते मी विचारलं नाही.

मी आत गेलो. बायको डोळे मिटून पडली होती. तिच्या कपाळावर हात ठेवला, तशी तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"व्हट?" तिनं विचारलं. डोळे अजून मिटलेलेच; बाळाकडं तिनं बघितलंच नव्हतं.

"बरा हाय," मी म्हणालो. "एकदम बरा हाय."

तेव्हा कुठं ती रडली. चार महिन्यांचं रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आन् पोरगा का पोरगी?"

ते मी अजून विचारलंच नव्हतं.