नियमावलीतलं हळदीकुंकू

जगातल्या तमाम साधुसंतांनी मिळून धर्म जेवढा बदलला नाही, तेवढा एका शाईच्या डब्याने बदलला, असं मानणारा माणूस अख्ख्या दिल्लीत एकच आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. मामा इथल्याच कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवून रिटायर झाले. म्हणजे पगार थांबला, शिकवणं नाही. गुरुग्रामला त्यांच्याकडे सत्यनारायण होता, तेव्हा भटजींनी पोथी उघडताच मामांनी विचारलं, "छापली कुणी?" शिरा गार होईस्तोवर भटजी प्रकाशकाचं नाव शोधत होते. एकदा करोल बागेतून परतताना मी बावळटासारखा बोलून गेलो, "पण मामा, सुधारणा संतांनीच केल्या ना?" झालं! भर मेट्रोत, उभ्याने, मला चार-पाचशे वर्षांपूर्वीचा युरोप ऐकावा लागला. "जावईबापू, साधू बोलले ते वाऱ्यावर गेलं असतं. छापखान्यांनी ते घरोघर पोचवलं, नगरसभांनी त्याचा कायदा केला, तेव्हा कुठे धर्म हलला!" शेजारचे सरदारजी "बिल्कुल सही, अंकलजी" म्हणाले आणि माझं स्टेशन मागे गेलं.

हे शास्त्र मामांनी प्रत्यक्षात एकदाच वापरलं, लेकीसाठी. तिचा नवरा गेला आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं, कुणी काही न ठरवता, बंद झालं. मामांनी नियमावलीत कलमच घालून घेतलं: संक्रांतीचं हळदीकुंकू सर्व स्त्रियांसाठी. ठराव एकमताने मंजूर, पत्रिका छापून घरोघर. मंडळाचा सेक्रेटरी मीच. "मामा, जिंकलो यार!" म्हणून मी मिठीसुद्धा मारली.

संक्रांतीला ती आली, काठापदराची साडी नेसून. मी अतिउत्साहाने माइकवरून कलम वाचून दाखवलं आणि सगळ्या बायकांनी वळून तिच्याकडेच पाहिलं. मग "या ना ताई, बसा ना" झालं, तिळगूळ मिळाला, वाण मिळालं. कुंकवाचा करंडा मात्र तिच्या अलीकडे थांबायचा आणि पलीकडे पुन्हा सुरू व्हायचा. एकदा तो आमच्या सौभाग्यवतींच्या हातात होता. त्यांनाही नेमकी तेव्हाच पलीकडची मैत्रीण दिसली. कलम कुणीही मोडलं नाही.

दाराशी उभे असलेले मामा बायकांमधून वाट काढत आत आले. करंडा घेतला आणि लेकीच्या कपाळावर बोट टेकवलं. सवय नसलेल्या बोटाने एवढं कुंकू उचललं होतं की निम्मं तिच्या नाकावर सांडलं.

"बाबा, पुरे. डोळ्यात जातंय."

मामा शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि रुमालाने तिचं नाक पुसत राहिले, ती शाळेत जायची तेव्हा पुसत असतील तसं.