रॉकेट समुद्रात पडलं त्यानंतर

मुलगी सरकारी अवकाश केंद्रातली नोकरी सोडून रॉकेट बनवणाऱ्या एका लहानशा खासगी कंपनीत गेली, तेव्हा माझे यजमान तिच्याशी बोलेनासे झाले. "हातची पेन्शन सोडतं का कुणी?" एवढंच म्हणाले.

कंपनीचं पहिलं रॉकेट उडालं आणि थोड्याच वेळात समुद्रात पडलं. ती तंजावूरला घरी आली ती झोपलीच. उठल्यावर मी तिला बसने तिरुवैयारूला नेलं. कावेरीत नुकतंच पाणी सोडलं होतं. पायऱ्यांवर बसून आम्ही पाय पाण्यात सोडले. पलीकडच्या घरात कुणीतरी कर्नाटक संगीतातलं वर्णम गायला शिकत होतं, एकाच जागी अडखळत होतं.

"अम्मा, इंजिन छान चाललं," ती म्हणाली. "इंधन संपलं की खालचा टप्पा गळून पडायला हवा, तो सुटलाच नाही. वरच्याला घेऊन खाली आला."

मग आपणच सांगत राहिली, तंजावूरच्या आम्हा मराठी घरांत बोलतात तसं, अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये. पूर्वी रॉकेट म्हणजे सरकारचंच काम. आता कुणाचाही छोटा उपग्रह असो, बसमधल्या सीटसारखी जागा घेऊन वर जातो. इंजिनं छापून काढतात, धातूच्या थरावर थर चढवत. आणि पुढे तर खालचा टप्पा आपणहून परत येईल, जहाजावर उभा उतरेल, पुन्हा उडेल.

"म्हणजे भांडं घासून परत चुलीवर?"

ती हसली. "तस्संच."

ऊन कधी उतरलं कळलं नाही. पल्याडच्या भातशेतात बगळे उतरत होते, पाय लांबवून, अलगद. मला वाटलं, उंच पांढरी रॉकेटं अशीच येतील, एकामागून एक, आवाज न करता. कितीतरी वेळ मी त्यांची वाट बघत बसले.

घरी यांनी पानं मांडून ठेवली होती. "पुढचं कधी?" त्यांनी विचारलं.

"वर्ष तरी जाईल, अप्पा."

"मग उद्या लगेच निघू नकोस," म्हणत त्यांनी तिला भात वाढला.

परत येणारं रॉकेट तिच्या कंपनीला अजून जमलेलं नाही. पण दुसरं उडालं तेव्हा आम्ही एका लग्नाहून परतताना पापनाशमच्या फलाटावर होतो. यांच्या हातात फोन, चित्र अडकत, थांबत पुढे सरकत होतं. टप्पा सुटला. यांनी शेजारच्या अनोळखी माणसापुढे फोन धरला आणि तमिळमध्ये म्हणाले, "ही आमची मुलगी."

पडद्यावर फक्त एक पांढरा ठिपका होता.