घरटी एक माणूस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमची पार्टी मी फोडली ती भीतीपोटी.

डहाणू-तलासरीत जमिनी जाण्याविरुद्ध आंदोलन पेटलं होतं. सगळे त्याला लढाईच म्हणत. पार्टीचा हुकूम होता, घरटी एक माणूस रस्त्यावर. जे घर माणूस पाठवणार नाही, त्याच्या कामाला, मयताला पाड्यातलं कुणी जाणार नाही. आमच्याकडून धाकटा भाऊ जायचा. चारोटीला लाठ्या पडल्या, त्यात त्याचा हात मोडला. आता मला जावं लागणार होतं.

पुढच्याच मीटिंगमध्ये मी उठून म्हणालो, लढाईला माणूस मनाने यावा, जबरदस्तीने नको. टाळ्या पडतील असं वाटलं नव्हतं. पडल्या. त्या भरात नवी पार्टी निघाली. झेंड्याचं कापड जुन्याच रंगाचं, चिन्ह तेवढं वेगळं.

"दादा, आपली पार्टी एका रिक्षात मावते," गंजाडकडचा एक म्हातारा म्हणायचा, "पण ड्रायव्हर बरा हाय." माझ्या शब्दावर त्याने मुलाला मोर्चाला पाठवलं नाही. पाड्याने जाब विचारला तेव्हा म्हणाला, "जबरदस्ती नाय म्हणजे नाय. शिकलेल्या माणसाने सांगितलाय."

पंचायतीच्या निवडणुकीत आम्ही सगळे पडलो. नवी पार्टी तिथेच संपली. तलासरीला जाऊन मी जुन्या पार्टीत परत शिरलो, हार घालून घेतला. स्टेजवर असताना म्हाताऱ्याचा फोन येत होता. मी मोबाईल खिशात टाकला. त्याची बायको गेली होती. पाड्यातून कुणी आलं नाही. दोन जावई सरावलीहून येईपर्यंत ती तशीच अंगणात होती. मग दोघं ते आणि दोघं बापलेक, असा खांदा दिला.

नंतर बाजारात भेटला. "दादा, तू तरी यायचास."

"बाबा, रेंज नव्हती," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि माझ्यासाठीही चहा सांगितला.

मला पार्टीने परत घेतलं, भाषण करता येतं म्हणून. त्याला पाड्याने घेतलं नाही. लावणीला आजही बापलेक दोघंच चिखलात असतात. पाडा म्हणतो, याने आपला पोरगा वाचवला आणि आमची पोरं मार खायला पुढे केली. त्याने फक्त माझ्यावर विश्वास ठेवला होता. जीव वाचवायचा होता तो मला.

हे त्याच्या पाड्याच्या बैठकीत, सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.