सुधाताईंच्या तळघरातील पेलेट्स

‘निखिलच्या घरी बॉयलर गळला. आपले आपटे काका जिवाची पर्वा न करता तळघरात शिरले आणि त्यांनी निखिलच्या आईला, सुधाताईंना, वाचवले.’ आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकात हे माझ्या फोटोसह छापून आले आहे. त्यात सुधाताई वाचल्या एवढेच खरे आहे. बाकीचे मी नाकारतो. संपादिकेला तसे कळवले, तर तिचे उत्तर आले, “काका, किती मॉडेस्ट आहात तुम्ही.” हा विनय नव्हे, हरकत आहे.

मी मिशिगनमधील एका पेलेट मिलमध्ये क्वालिटी मॅनेजर होतो. लाकडाचा भुसा दाबून करंगळीहून बारीक कांड्या बनवतात, त्यांना पेलेट्स म्हणतात. नोव्हाय गावाच्या पलीकडे, जिथे गॅसची लाइन पोहोचत नाही, तिथे काही घरे हिवाळ्यात बॉयलरमध्ये त्याच जाळून तापतात. ताज्या पेलेट्समधून, विशेषतः पाइनच्या, नुसत्या पडल्या पडल्या कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो माणूस मारतो. या प्रकाराला आम्ही ऑफ-गॅसिंग म्हणतो. त्यासाठी नवा माल काही आठवडे हवेशीर गोदामात ठेवण्याचा नियम होता. त्याचे नाव होल्ड. तो नियम मीच लिहिला होता.

त्या ऑक्टोबरात माल मिळेना. एक मोठी मिल बंद पडली होती. दुकानांत गिऱ्हाइकाला मोजकीच पोती देत, आणि भाव दर आठवड्याला चढत होता. आमचा प्लांट मॅनेजर डेव्ह याने रिलीजचा, म्हणजे माल बाहेर सोडण्याचा, कागद माझ्यापुढे ठेवला.

“होल्ड संपलेला नाही,” मी म्हणालो.

“हे लाकूड आहे, दूध नव्हे. लोक गारठतील तेव्हा तुझा नियम पांघरणार आहेत का?”

मी सही केली. अंकात या सहीचा उल्लेख नाही. त्या मालाचा एक ट्रक मंडळातल्या निखिलकडे गेला आणि तळघरात बांधलेली त्याची साठवणीची खोली पाइपने भरून आला. त्याचे नाव यादीत वर घालणाराही मीच.

चार दिवसांनी, मंगळवारी दुपारी, निखिलचा ऑफिसमधून फोन आला.

“काका, पेलेट्सना वार्निशसारखा वास येतो का? आई सकाळी म्हणत होती.”

“ताज्या मालाला येतो. खोलीचे व्हेंट उघडे आहेत ना?”

“ते मी टेपने सील केले. मॉइश्चर नको म्हणून. आईच म्हणाली, धान्य भरलं की हवा लागू द्यायची नसते.”

“त्या आत्ता कुठे आहेत?”

“खालीच. चाळतेय.”

“काय चाळतायत?”

“पेलेट्स. भुकटीने मशीन जॅम होतं असं मी बोललो होतो, तर आज सकाळपासून चाळण घेऊन त्या खोलीत बसलीये. काका? हॅलो?”

“नाइन वन वनला फोन कर. मग आईला रिंग देत राहा,” एवढे सांगून मी निघालो. त्याचे घर मिलपासून वीस मिनिटांवर होते. वाटेत त्याचा पुन्हा फोन आला. “आई उचलत नाहीये, काका.” त्यानंतरचा रस्ता मला आठवत नाही. रिलीजच्या कागदावरची माझी सही तेवढी दिसत होती.

त्या तळघराला मागच्या अंगणात उघडणारे दार आहे. मी ते उघडले आणि उंबऱ्यावरच हातातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारा मीटर किंचाळू लागला. मीटर वाजला की पाऊल पुढे टाकायचे नाही, हे मी वीस वर्षे कामगारांना शिकवले होते. मी शिरलो नाही. दारातच उभा राहून ओरडत होतो.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. “कोण, भाऊजी? जरा गरगरतंय. उपासाचं असेल. बसते इथंच.”

“बसू नका. माझ्या आवाजाकडे या.”

“चप्पल सापडत नाहीये.”

“राहू द्या चप्पल. या.”

त्या भिंत धरत निघाल्या, मध्येच खाली बसल्या, मग रांगत आल्या. हात टप्प्यात येताच मी त्यांना गवतावर ओढले. त्यांना उलटी झाली. निखिलला कळवायला फोन काढला, तर त्याचे नावसुद्धा त्या क्षणी आठवेना. इतक्यात फायर ब्रिगेड पोहोचली आणि तिने ऑक्सिजन लावला. दोन दिवसांनी त्या घरी परतल्या.

त्याच संध्याकाळी मी ती बॅच परत मागवली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून व्हेंट उघडायला लावले. ऐन टंचाईत माल परत नेला म्हणून लोकांनी मला वाटेल ते ऐकवले. तेही अंकात नाही. टंचाईत नियम शिथिल करू नये, कारण नियम टंचाईसाठीच लिहिलेला असतो.

गप्प बसलो असतो. पण यंदा मंडळातल्या दोघांनी साठवणीच्या खोल्या सील केल्या. “आमचा बॉयलर नवा आहे, काका, तो कशाला गळेल?” असे मला ऐकवले. त्यांच्यासाठी हे लिहिले.

फायर ब्रिगेडचा एक जवान मास्क लावून तळघरात फिरला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, “बॉयलर दिसत नाही. कुठे आहे? बंद करायचाय.” मी त्याला गॅरेजमध्ये नेले. घर तोवर विजेच्या हीटरवर चालत होते. बॉयलर खोक्यात होता, आणि खोक्याच्या पट्ट्याही कापलेल्या नव्हत्या.