लोकरीचं उंबर

धरलेला मासा परत पाण्यात सोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोसुद्धा पूर्ण शुद्धीवर होता. नेरळचा घड्याळवाला चाचा. मांडीभर पाण्यात उभा राहून तासभर काठी हलवायचा, एखादा मासा हळूहळू ओढून आणायचा, ओल्या हातात धरून त्याच्या तोंडातला गळ चिमट्याने काढायचा, त्याला म्हणायचा, "माफ कर बाबा, जा," आणि खरोखर सोडून द्यायचा. मासा जायचा. चाचा समाधानाने हात पुसायचा. काठावर बसलेला मी तो मासा किती जणांना पुरला असता ते मोजायचो.

मी पेज नदीच्या काठचा. शाळा तिसरीपर्यंत झाली, पुढे मास्तर आणि मी एकमेकांना कंटाळलो. पण नदीत मला शिकवील असा माणूस कर्जत तालुक्यात नव्हता, खालापुरातही नव्हता, हे मी तेव्हाही सांगायचो आणि आजही सांगतो. आमच्या नदीला भर वैशाखात पाणी असतं, कारण वर वीज तयार झाली की पॉवरहाऊसचं पाणी तिच्यात सुटतं. त्यामुळे बाकीच्या गावांत उन्हाळ्यात माणसं टँकरची वाट बघतात, आणि आम्ही गळ टाकून बसतो. बांबूची काठी, तंगुसाची दोरी, गळाला गांडूळ. माझ्या बापाने यापेक्षा जास्त सामान वापरलं नाही आणि तो उपाशीही मेला नाही.

चाचाचं दुकान नेरळच्या बाजारात. दुकान म्हणजे काचेची एक पेटी आणि पेटीमागे चाचा. मोबाइल आल्यापासून लोक वेळ खिशातून काढून बघायला लागले, आणि चाचाकडे लग्नात मिळालेली घड्याळं तेवढी येत राहिली. तीही बंद पडलेली. मग चाचाने आठवड्यातले तीन दिवस पेटीला कुलूप घातलं आणि टेंपोत बसून आमच्या नदीवर यायला लागला. तरुणपणी तो माथेरानच्या बंगल्यांतली भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करायला जायचा. तिथल्या एका म्हाताऱ्या शेटला विलायती पद्धतीच्या मासेमारीचा नाद होता. बंगला विकून परदेशी जाताना त्याने आपली चार तुकड्यांची काठी, दोरी गुंडाळायची चक्री आणि हा नाद, तिन्ही वस्तू चाचाला देऊन टाकल्या.

या पद्धतीत गळाला खायचं काही लावत नाहीत. कोंबड्याच्या मानेचं पीस आणि रेशमाचा दोरा गुंडाळून गळाचीच माशी करायची, आणि ती पाण्यावर अशी उतरवायची की माशाला वाटावं, खरीच बसली. चाचा डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून असल्या माश्या बांधायचा. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे सोडताना माशाला त्रास नको. शेटने त्याला सांगितलं होतं की विलायतेत ट्राउट नावाचा मासा असतो, तो अशा माशीवर उडी घेतो. मी विचारलं, आपल्याकडे तो मासा हाय का? चाचा म्हणाला, "नाय. म्हणून काय माशी बांधायची नाय?" शहाण्या माणसाचा प्रश्न असता तर मी उत्तर दिलं असतं.

पहिल्याच दिवशी मी चारचौघांत बोललो होतो की पिसावर मासा आला तर मिशी काढीन. मासा त्याच वेळी आला. आता तो होता चार बोटांचा, आणि चार बोटांच्या माशाला मी मासा म्हणत नाही, म्हणून मिशी राहिली. चाचाने काही आठवण करून दिली नाही. फक्त पुढे कितीतरी दिवस बोलताना तो माझ्या डोळ्यांकडे न बघता थोडं खाली बघायचा.

काठी जोडण्याआधी चाचा पाण्यातले दगड उलटे करून बघायचा. सुरुवातीला मला वाटलं याचं काही पडलंय. मी विचारलं, काय हरवलं? तर म्हणतो, "आज जेवणात काय हाय ते बघतो. आपण हाटेलात विचारतो, तसं." दगडाखाली जे किडे दिसतील तसली माशी तो डबीतून काढायचा. मी त्याला म्हटलं, गांडूळ सगळ्यांना आवडतं. तो म्हणाला, तुला बी रोज भाकरीच देतात, म्हणून तुला काय बिर्याणी आवडत नाय?

आणि एवढं करून घरी जाताना नेरळच्या बाजारातून सुरमई घ्यायचा. मासे सोडणारा माणूस मासे विकत घेतो, हे मी बायकोला, आमच्या म्हातारीला, सांगितलं तेव्हा तिने भाकरी थापायची थांबवून विचारलं, बायकामुलं हायत का त्याला? हायत, म्हटलं. "मग त्यांचं चांगलं होवो," म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली.

आमचं खरं भांडण पाण्याच्या वेळेवरून. पॉवरहाऊसचं पाणी आलं की नदी बघता बघता कमरेला लागते, तेव्हा आधी बाहेर निघावं लागतं. चाचा मनगट बघायचा आणि म्हणायचा, दहा वाजून वीस मिनिटांनी येणार. मी काळ्या दगडावरची ओल बघायचो आणि म्हणायचो अजून अवकाश हाय. एका रविवारी आम्ही दोघंही बाहेर येऊन बसलो, तो घड्याळाकडे बघत, मी दगडाकडे बघत. पाणी दुपारपर्यंत आलंच नाही. रविवारी कारखाने बंद, विजेला गिऱ्हाईक कमी, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी दोघांचं एकमत झालं की चूक पाण्याची आहे.

आता मानाचं सांगतो, कारण त्याशिवाय चाचा कळायचा नाही.

आमची गावदेवी नदीकाठची. चैत्रातल्या जत्रेत तिला कोंबडा चालतो, पण आधी नदीतला मासा लागतो, आणि तो देण्याचा मान आमच्या घराचा. जाळ्यातला चालत नाही, विकतचा चालत नाही. गळावर धरलेला पाहिजे आणि आमच्या घरच्या हाताने धरलेला पाहिजे. मासा देवीपुढे ठेवला की गुरव मोठ्याने पुकारतो, घर कुणाचं, हात कुणाचा. मग ढोल वाजतो आणि मग जत्रा सुरू होते. ज्या वर्षी मासा मिळणार नाही त्या वर्षी मान माझ्या चुलतभावाकडे, बाळारामकडे जाणार, असा नियम. माझे दोन्ही मुलगे पनवेलला नोकरीला, त्यांना गळ आणि पळी यातला फरक कळत नाही. तेव्हा हात माझाच.

गेल्या वर्षी फाल्गुनात कुणीतरी खालच्या डोहात ब्लीचिंग पावडर टाकून बहुतेक मासे मारून वर आणले. उरलेले इतके शहाणे झाले की माझं गांडूळ हुंगून परत जायला लागले. आठ दिवस बसलो. बाळाराम रोज सकाळी काठावरून जायचा आणि विचारायचा, "काय तात्या, हाय का काय?" नाय म्हटलं की त्याचा चेहरा इतका दुःखी व्हायचा की उठून त्याला पाण्यात ढकलायचंच बाकी राहिलं.

वरच्या डोहावर उंबराचं झाड वाकलेलं आहे. पिकलेलं उंबर पाण्यात पडलं की तळातून खडस वर येतो. खडस म्हणजे शहरातले लोक ज्याला महाशीर म्हणतात तो, हाताएवढा मासा. तो उंबर गिळतो, पण गळाला टोचलेलं उंबर बुडतं आणि त्याला लगेच ओळखू येतं. मी हे चाचाला सांगितलं. मागितलं काही नाही, नुसतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी चाचाने डबी उघडली, आत लाल लोकरीचं उंबर. देठासकट. तो म्हणाला, सुनेच्या स्वेटरचा धागा हाय, तिला सांगू नको.

मी म्हटलं, तू टाक. तो म्हणाला, "हात कुणाचा लागतो?" मी काठी हातात घेतली.

तर वयाच्या सत्तरीत मला मासे धरायला शिकावं लागलं, तेही घड्याळवाल्याकडून. काठी मागे न्यायची, दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. चाचा हे घड्याळात शिकवायचा. डोक्याच्या वर बारा, मागे दोन, पुढे दहा. "दोनवर थांब रं तात्या. तू पार चारला जातोस, चारला च्या पितात." मी आयुष्यात मनगटाला घड्याळ बांधलेलं नाही, मला कुठले दोन आणि कुठले दहा. पहिल्या दिवशी गळ माझ्या टोपीत अडकला, दुसऱ्या दिवशी चाचाच्या शर्टात, तिसऱ्या दिवशी एका म्हशीच्या शेपटीत, आणि म्हशीला मात्र चाचाने माफी मागून सोडलं. पाच दिवस त्याने दुकान उघडलं नाही. माझा उजवा खांदा आखडलेला, वर जायचा नाही. मी ते सांगितलं नाही. त्याने ते बघितलं होतं.

जत्रेच्या आदल्या सकाळी आम्ही डोहावर गेलो. माझं लोकरीचं उंबर झाडाखाली बरोबर पडलं, कसं पडलं मला आजही सांगता येणार नाही. पाणी फुगलं आणि खडसाने ते घेतलं. मग मी तेच केलं जे साठ वर्षं करत आलो होतो. जोरात हिसका दिला. खांद्यात कळ गेली, बोटं उघडली आणि काठी पाण्यावरून निघाली. चाचा छातीभर पाण्यात उतरला आणि त्याने ती धरली. मग त्याने काय केलं ते मी काठावर बसून बघितलं. मासा पळाला की तो दोरी देत होता, थांबला की घेत होता. ऊन डोहावर आलं तरी ते चाललेलं होतं.

शेवटी त्याने खडस ओल्या हातांत घेतला. सवयीने चिमट्याने गळ काढला, ओठ हलले, "माफ कर" एवढं म्हणाला आणि थांबला. हात पाण्यातच होते. माशाने नुसती शेपूट हलवली असती तरी तो गेला असता. मला मागायची सवय नाही.

"तात्या, लवकर घे," चाचा म्हणाला. "माझ्या हाताला सोडायचीच सवय हाय."

मी घेतला. माझं काम होईपर्यंत तो पलीकडच्या काठाकडे तोंड करून उभा राहिला.

मग मी म्हटलं की हात तुझा हाय, पुकारायला गुरवाला काय सांगू? तो ओला शर्ट पिळत म्हणाला, माझं नाव काढू नको. चार जण हसतील, दोघं चिडतील, उद्या कोणी म्हणेल हा डोहावर नको. "मला नदीवर यायचंय अजून. तुझा मान, माझी नदी. दोन्ही राहू दे."

गुरवाने माझा हात पुकारला. ढोल वाजला. बाळारामने मासा दोनदा उलटा करून बघितला. मी मिशीवर हात फिरवला, लोकांना तशी अपेक्षा असते. संध्याकाळी चाचाला डबा नेऊन दिला. त्याने दुकानातच उघडून खाल्ला आणि म्हणाला, चव बरी हाय, काटे फार. सोडतो तेच बरं करतो.

त्यानंतरचा पावसाळा संपला, थंडी पडली, आणि पौषात चाचा गेला. दुकानात बसल्या बसल्या, डोळ्याला भिंग लावलेलं. मला चौथ्या दिवशी कळलं. पुढच्या आठवड्यात त्याची सून रिक्षा करून आमच्या दारात आली, बरोबर काठी आणि डबी. म्हणाली, अब्बांनी सांगून ठेवलं होतं, हे तात्यांना द्या, त्यांना येतं. मी पाणी दिलं, म्हातारीने तांदूळ बांधून दिले. जाताना ती सहज म्हणाली, तुमच्या देवीचा मासा तुम्ही कसा धरला ते अब्बा घरी फार रंगवून सांगायचे. तुमच्या हाताचं फार कौतुक करायचे.

म्हणजे माणूस आपल्या घरातसुद्धा खरं बोलला नाही. माझ्यासाठी.

यंदा चैत्रात मी एकटा डोहावर गेलो. डावा हात, पाच दिवस, लोकरीचं उंबर. मागे दोनवर थांबलो. मासा आला, आणि तो मीच बाहेर काढला, कुणाचा हात लागला नाही. देवीपुढे ठेवला. गुरवाने तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हटलं, थांब. गेल्या वर्षी हात चुकीचा पुकारला गेला. तो हात माझा नव्हता.

मग सगळं सांगितलं. मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी पुटपुटलं. चाचाने सांगितले होते तेवढेच असतील, चार आणि दोन. बाळाराम पुढे येऊन म्हणाला, मग नियमाने मान आमचा. मी म्हटलं, पुढच्या वर्षीपासून तुझा, घे. एवढ्या सहज मिळाल्यामुळे तो जरा नाराज झाला.

गुरव म्हातारा आहे, माझ्यापेक्षाही. तो म्हणाला, "ते तुमी घरात वाटून घ्या. देवीला चुकीचा हात सांगितला, तो आधी बदलाया पायजे. नाव सांग पुरं."

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. एवढी वर्षं एका नदीत उभे राहिलो, त्याच्या घरचं नाव, बापाचं नाव, काही मी विचारलं नव्हतं. त्यानेही माझं विचारलं नव्हतं.

"चाचा," मी म्हटलं. "नेरळचा चाचा."

गुरवाने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग तो देवीकडे वळला आणि नेहमीच्याच आवाजात त्याने पुकारलं, घर नेरळचं, हात चाचाचा. ढोलवाल्याला वाटलं झालं. त्याने टिपरी मारली, मागची पोरं उठली, जत्रा सुरू झाली.

यंदाच्या माशाचा हात पुकारायचा राहून गेला. मीही आठवण करून दिली नाही.