ठोकल्यावर मला हुडकायचं

भोंग्याचा आवाज समुद्राखालीही ऐकू येत असे. तोंडात श्वासाची नळी असताना बोलता येत नाही हे खरे. पण मनगटाला अडकवलेल्या छोट्या सळीने ते पाठीवरच्या हवेच्या टाकीवर ठोकत. टण्, टण्, टण्! कागलच्या एमआयडीसीत यंत्रांच्या गोंगाटावर आयुष्यभर ओरडल्याने त्यांचा आवाज असा झाला होता, की कामगारांनीच त्यांचे नाव ‘भोंगा’ ठेवले. मला ते तोंडावर म्हणणे कधी जमले नाही. मी त्यांना दादा म्हणत असे.

महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर, कोणाला न सांगता, मी स्कूबा शिकायला नाव घातले. पहिला धडा कोल्हापुरातल्या पोहण्याच्या तलावावर होता. माझी शंका मी शिक्षकाला तीनदा विचारली; त्याला ती ऐकू गेली नाही. शेजारी बसलेले दादा म्हणाले, “बाई, पोरं तुमचं लेक्चर ऐकत हुती का तोंडाकडं बघत हुती वो?” आणि माझी शंका त्यांनी अशा आवाजात विचारली, की पलीकडच्या कठड्यावरची मुलेसुद्धा वळून पाहू लागली.

त्यांना वेड होते ते समुद्री गोगलगायींचे. या गोगलगायींना शंख नसतो. जेमतेम नखाएवढा जीव, पण रंग असे, की पाहत राहावे. पाठीवर कल्ल्यांचा फुलासारखा तुरा. “घर न्हाय, दार न्हाय, आन् नटणं बघा! लग्नाला निघाल्यागत!” दादा शोधत आणि मी छायाचित्र काढत असे. मला पाण्यात एका जागी स्थिर राहता येत नसे. श्वास घेतला की मी वर तरंगू लागे. म्हणून सायकल शिकणाऱ्याला मागून धरावे तसे ते माझ्या टाकीचा पट्टा धरून ठेवत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावले होते, “आवाज कुठनं येतोय ते पाण्यात कळत न्हाय. ठोकल्यावर दिशा हुडकायची न्हाय, मला हुडकायचं.”

शेवटच्या वेळी मालवणला जाताना आम्ही गगनबावड्याला चहासाठी थांबलो. काही आठवडे त्यांचा आवाज बसलेला होता. कप खाली ठेवून ते घोगऱ्या स्वरात म्हणाले, “घशाचं ऑपरेशन हाय. आवाजाची पेटीच काढणार. मग श्वास गळ्याच्या भोकातनं. पाण्यात उतरायचं बंद, कायमचं.”

“आज उतरायचं डॉक्टरांना विचारलंत का?”

“इचारलं की. म्हणाले, आत्ता जावा, नंतर न्हाय.”

ते खरे होते की नाही, हे मला आणखी विचारता आले नाही. एक निळी, पिवळ्या काठाची गोगलगाय त्यांनी पूर्वी एकदा पाहिली होती. तिचा फोटो मात्र नव्हता. “तेवढा काढा बाई. खाटंवर पडून बघत बसंन.”

त्या दिवशी पाणी गढूळ होते. बराच वेळ काही दिसले नाही आणि हवा संपत आली. तेवढ्यात टण्, टण् ऐकू आले. मी वळून दादांना शोधले. खडकाच्या कपारीकडे त्यांचे बोट होते आणि बोटापुढे ती, निळी, पिवळ्या काठाची. त्यांनी माझा पट्टा धरला. मी कॅमेरा पुढे केला, आणि त्याच क्षणी त्यांना खोकल्याची उबळ आली. बुडबुड्यांचा लोट उठला, पट्टा सुटला. मी बटण दाबले खरे, पण वर जाऊ लागले होते. खाली ते कपार धरून खोकत होते आणि मला ना त्यांना सावरता येत होते, ना स्वतःला. आमच्याबरोबरच्या गाईडने दोघांनाही वर आणले. पुन्हा उतरण्याइतकी हवा उरली नव्हती.

ऑपरेशननंतर मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा मला दारात घुटमळताना पाहून त्यांनी चमच्याने स्टीलच्या पेल्यावर ठोकले. मी आत गेले. फोटो दाखवण्याचा धीर होत नव्हता. पण त्यांनी हात पुढे केला. गोगलगायीचा नुसता निळा डाग आला होता आणि त्यांचे बोट मात्र नखाच्या रेघेसकट स्वच्छ. ते कितीतरी वेळ पाहत राहिले. मग उशाची पाटी ओढून त्यांनी पाटीभर अक्षरांत लिहिले, “बोट झकास आलंय!” ते पुसून लिहिले, “पुन्हा जावा.”

“मला धरणार कोण, दादा?” मी विचारले.

त्यांनी खडूने ‘पुन्हा जावा’खाली रेघ ओढली.

दुखणे उलटले आणि दादा गेले. पुढच्या हिवाळ्यात मी मालवणला जाऊन पाण्यात उतरले. कॅमेरा घेतला होता. कोठेतरी गाईडने टाकीवर ठोकले. टण्, टण्, टण्. आवाज चहूकडून आल्यासारखा वाटत होता. गाईड कोणत्या बाजूला आहे, काय दाखवतो आहे, हे मी पाहिलेच नाही. मी गोल वळत राहिले. मी दादांना हुडकत होते.